दारापर्यंत सोबत

हातातलं काम चालू ठेवा, कान मात्र इकडे द्या. आजचा विषय जड आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आज आपण आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या मुलामुलींबद्दल बोलणार आहोत. ऐकता ऐकता कुणाचा जीव घाबरा झाला, तर रेडिओ खुशाल बंद करा आणि घरातल्या किंवा शेजारच्या माणसाजवळ जाऊन बसा. आणि एक नंबर आत्ताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा: १४४१६. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. बोलणं संपताना हा नंबर पुन्हा सांगू.

आज आपण बोलणार आहोत ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांबद्दल. तुम्ही विचाराल, आपल्या रेडिओवर अमेरिका कशाला? तर हे नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक काढलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. तिथल्या कृष्णवर्णीय गुलामांना मोकळं करण्यासाठी जे झटले, त्यांच्याबद्दलचा आदर म्हणून. सातासमुद्रापलीकडच्या दुःखाशी आपलं काही देणंघेणं आहे, हे जोतीरावांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

दुसरं कारण असं, की तिथल्या आयांनी, शिक्षकांनी, चर्चच्या लोकांनी आणि डॉक्टरांनी गेल्या काही वर्षांत एक गोष्ट शिकून घेतली आहे. त्रासात असलेल्या पोराला ‘डॉक्टरकडे जा’ म्हणणं वेगळं आणि त्याला दारापर्यंत सोबत करणं वेगळं. चिठ्ठीवर नंबर लिहून दिला की आपल्याला वाटतं, आपलं काम झालं. पण पुष्कळ मुलं त्या चिठ्ठीच्या पुढे जातच नाहीत. का जात नाहीत आणि त्यांना कसं नेता येतं, तेवढंच आज सांगायचं आहे.

आधी थोडे आकडे ऐका. अमेरिकेत बरीच वर्षं असा समज होता, की आत्महत्या हा गोऱ्या लोकांचा प्रश्न आहे. कृष्णवर्णीय समाजातही मोठी माणसं म्हणायची, ‘आपण गुलामी सोसली, फटके सोसले, आपल्यात असलं काही होत नाही.’ एकूण आकडेही तसेच दिसायचे, त्यामुळे खोलात जाऊन कुणी फारसं पाहिलं नाही. मग २०१८ साली काही संशोधकांनी २००१ ते २०१५ या वर्षांच्या नोंदी वयाप्रमाणे वेगळ्या केल्या. तेरा ते सतरा वयाच्या कृष्णवर्णीय मुलांत आत्महत्येचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या साधारण निम्मं निघालं. पण पाच ते बारा वयाच्या मुलांत उलटं होतं. तिथे कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट होतं. पाच ते बारा, म्हणजे पहिली ते सातवीची लेकरं. इतक्या लहान वयात अशा घटना मुळात फार थोड्या असतात. मोठ्यांच्या आकड्यात मिसळल्या की त्या दिसेनाशा होतात. तसंच झालं होतं.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, न्यू यॉर्कच्या डॉ. मायकल लिंडसी यांनी आणखी एक अभ्यास छापला. अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांना दर दोन वर्षांनी त्यांच्या तब्येतीबद्दल, सवयींबद्दल, मनाबद्दल प्रश्न विचारतात. १९९१ ते २०१७ या काळातल्या सुमारे दोन लाख मुलांची उत्तरं त्यांनी पाहिली. ‘मनात मरणाचे विचार येतात’ असं सांगणाऱ्यांचं प्रमाण या काळात एकूण उतरलं होतं. पण ‘आम्ही जीव द्यायचा प्रयत्न केला’ असं सांगणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांनी वाढलं होतं. हे नीट ध्यानात घ्या. काही पोरं मनातला विचार कुणाजवळ बोलत नाहीत, थेट प्रयत्नापर्यंत जातात. मग २०२१ साली डॉ. एरिएल शेफ्टल आणि त्यांच्या सोबत्यांच्या अभ्यासात दिसलं, की २००३ ते २०१७ या वर्षांत कृष्णवर्णीय मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा जास्त वेगाने वाढत होतं.

या सगळ्याची दखल त्यांच्या संसदेला घ्यावी लागली. त्यात पुढाकार होता एका बाईंचा, बॉनी वॉटसन कोलमन यांचा. त्या न्यू जर्सीतून निवडून आल्या होत्या, जिथे आपली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. संसदेत न्यू जर्सीतून गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांनी २०१९ मध्ये एक गट नेमायला लावला, डॉ. लिंडसींनी त्यातल्या तज्ज्ञांचं काम सांभाळलं आणि डिसेंबरमध्ये अहवाल आला. त्याच्या नावाचा अर्थच होता, धोक्याची घंटा वाजवा.

घंटा वाजली, पण पोर डॉक्टरपर्यंत कसं पोचणार? आता आपण एका चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीची कल्पना करू. ती न्यू यॉर्कसारख्या मोठ्या शहरात राहते. आई दोन ठिकाणी काम करते, आजी घरी असते. ही मुलगी खरी कुणी नाही. पण तिच्या वाटेत जे अडथळे आम्ही सांगणार आहोत, ते सगळे खरे आहेत.

पहिला अडथळा असा, की तिचं दुःख कुणाला दुःख वाटतच नाही. आपल्या डोळ्यांसमोर उदास मूल म्हणजे कोपऱ्यात बसून रडणारं मूल. ही मुलगी रडत नाही. ती चिडते, उलट बोलते, भांडते. सकाळी डोकं दुखतं, पोट दुखतं, शाळा नको म्हणते. या वयात खिन्नता अशीच रागाच्या आणि अंगदुखीच्या रूपात येऊ शकते. शाळेला मात्र ती दिसते उद्धट मुलगी. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या कायदा विभागाने २०१७ साली एक अभ्यास छापला होता. मोठ्या माणसांना पाच ते चौदा वयाच्या कृष्णवर्णीय मुली त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा जास्त मोठ्या वाटतात, यांना मायेची आणि आधाराची गरज कमी आहे असं वाटतं, असं त्यात दिसलं. बघा बरं, पाच वर्षांच्या पोरीबद्दल हे!

मग काय होतं? मदत मिळायच्या जागी शिक्षा मिळते. अमेरिकेच्या सरकारी तपासणी खात्याने २०१८ साली सांगितलं, की सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलं शंभरात पंधरा-सोळा असली, तरी शाळेतून काही दिवसांसाठी काढून टाकलेल्या शंभर मुलांत ती एकोणचाळीस असतात. आणि २०१९ च्या एका अहवालाप्रमाणे, अमेरिकेत जवळपास एक कोटी चाळीस लाख मुलं अशा शाळांत शिकत होती जिथे पोलीस होता, पण समुपदेशक, नर्स, मानसतज्ज्ञ आणि समाजसेवक यांच्यापैकी कुणीही नव्हतं. म्हणजे आपली ही मुलगी कोसळली, तर तिच्यापाशी पहिला पोचणार तो पोलीस.

दुसरा अडथळा घरात आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांवर एक ओझं असतं. बाई कणखर असली पाहिजे, तिने सगळ्यांचं केलं पाहिजे, स्वतःचं रडगाणं गाऊ नये. हे ऐकून तुम्हाला काही आठवलं का? बाईच्या जातीला सोसावंच लागतं, असं म्हणत आपणही मोठ्या झालो. तीच शिकवण आजीकडून आईला आणि आईकडून लेकीला जाते. लेक म्हणते ‘मला बरं वाटत नाही’, आई म्हणते ‘देवाचं नाव घे, जाईल.’ आईची माया कमी नाही हो. तिच्या आईने तिला तेच सांगितलं होतं आणि त्यावर ती तगली होती.

आणि आईला भीतीही असते. ती भीती कुठून आली, तेही समजून घेऊ. अलाबामा राज्यात टस्कीगी नावाच्या गावी १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने एक प्रयोग चालवला. सिफिलिस झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांना खरा आजार सांगितला नाही. पेनिसिलीनने तो बरा होतो हे कळल्यावरही औषध दिलं नाही. रोग कसा वाढतो, ते नुसतं पाहत राहिले. अशा गोष्टी घराघरांत सांगितल्या जातात. शिवाय तिथे मुलांची देखभाल नीट होत नाही असं सरकारी खात्याला वाटलं, तर मूल घरातून उचलून नेतात आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला हे जास्त येतं. मग आई विचार करते, मी डॉक्टरला सांगायचं की पोरगी मरणाच्या गोष्टी बोलते, आणि त्याने खात्याला कळवलं तर? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

समजा, आईने धीर केला. तिसरा अडथळा म्हणजे फोन. २०१६ साली न्यू यॉर्क शहरात एका संशोधिकेने मोठी साधी युक्ती केली. ३२० मानसोपचारकांच्या फोनवर वेगवेगळ्या आवाजांत निरोप ठेवले. निरोप तोच, विमाही तोच. बदलत होती ती बोलण्याची ढब आणि नाव. त्यावरून ऐकणाऱ्याला कळावं, की फोन करणारी व्यक्ती गोरी आहे की कृष्णवर्णीय, नोकरदार वर्गातली आहे की मजुरी करणारी. मध्यमवर्गीय गोऱ्यांना शंभरातल्या २८ ठिकाणांहून भेटीची वेळ देऊ केली गेली. मध्यमवर्गीय कृष्णवर्णीयांना १७. कामगार वर्गातल्या माणसांना, गोरं असो की काळं, फक्त ८. हे फोन मोठ्या माणसांनी स्वतःसाठी केलेले होते. पण आपल्या मुलीची आईही असाच निरोप ठेवणार आणि असाच उलट फोनाची वाट बघणार. तिने चार ठिकाणी फोन केला, एकाचाही उलट फोन आला नाही, तर पाचवा फोन ती करेल का?

चौथा अडथळा त्या खोलीतच आहे. अमेरिकेत मानसतज्ज्ञांमध्ये कृष्णवर्णीय फार थोडे, शंभरात चार-पाच. मुलगी समोरच्या अनोळखी बाईला सांगते, ‘दुकानात शिरले की माझ्यामागे पहारेकरी फिरतो, वर्गात माझ्या केसांवरून हसतात.’ समोरून उत्तर आलं, ‘तू फार मनाला लावून घेतेस,’ तर ती पुढच्या वेळी यायची नाही. नोंदवहीत मात्र लिहिलं जाईल, की मुलीने उपचार सोडले.

बघा, इथे दार होतं, डॉक्टर होता, औषधही होतं. पण चार पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर कुणी हात दिला नाही. आता हात देणाऱ्यांबद्दल बोलू.

पहिला हात फोनवरच देता येतो. डॉ. मेरी मॅके यांनी १९९० च्या दशकात शहरांतल्या गरीब कुटुंबांबरोबर काम करताना हे करून पाहिलं. पालकाचा पहिला फोन आला, की नुसती तारीख द्यायची नाही. विचारायचं, तुम्हाला काय काळजी वाटते? आधी कुठे मदत मागितली होती का, तिथे काय अनुभव आला? यायला अडचण काय आहे? धाकट्याला कुणाजवळ ठेवणार? बस कुठली? कामावरून सुट्टी मिळेल का? आणि तिथल्या तिथे तोड काढायची. एवढ्या एका फोनमुळे पहिल्या भेटीला येणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण वाढलं. डॉ. लिंडसींनी पुढे खास कृष्णवर्णीय किशोरवयीन मुलांसाठी असाच एक मार्ग तयार केला. त्यात मुलालाच विचारतात, की तुला या उपचाराबद्दल काय वाटतं, मित्र हसतील असं वाटतं का, तुझ्या घरचे काय म्हणतील? आधी शंका निघतात, मग उपचार सुरू होतात.

दुसरा हात शाळेचा. उपचार शाळेतच मिळाले, तर बसभाडं नाही, आईची रजा नाही, आणि शेजाऱ्यांना कळण्याची भीतीही कमी. तिथल्या शालेय समुपदेशकांची संघटना म्हणते, की अडीचशे मुलांमागे एक समुपदेशक हवा. पुष्कळ शाळांत तो नाही. २०२२ च्या एका कायद्याने शाळांत अशी माणसं नेमायला सुमारे शंभर कोटी डॉलर मंजूर झाले होते. २०२५ मध्ये नव्या सरकारने ती मदत पुढे चालू न ठेवण्याचं ठरवलं आणि काही राज्यं त्याविरुद्ध न्यायालयात गेली. वर्षाच्या मध्यावर समुपदेशक गेला, तर ज्या पोराने मोठ्या कष्टाने त्याच्याशी बोलायला सुरुवात केली होती, त्याने पुन्हा कुणापाशी तोंड उघडायचं?

तिसरा हात अशा माणसांचा, ज्यांच्यावर समाजाचा आधीपासून विश्वास आहे. डॉ. शेरी मोलॉक या वॉशिंग्टनमध्ये मानसशास्त्राच्या प्राध्यापक, आणि त्यांनी चर्चमध्ये पाळक म्हणूनही काम केलं आहे. कृष्णवर्णीय मुलांना आत्महत्येपासून वाचवण्याचं काम त्यांनी चर्चमधूनच उभं केलं, कारण लोक दवाखान्यात जाण्याआधी चर्चमध्ये जातात. श्रद्धा आणि उपचार यांत भांडण लावायचं कारण नाही. बायबलात एलीया संदेष्ट्याची गोष्ट आहे. थकून, घाबरून तो झाडाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. देव त्याला रागे भरत नाही. त्याला झोपू देतो, उठवून भाकरी आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो. ही गोष्ट व्यासपीठावरून सांगितली, तर ऐकणाऱ्या पोराला कळतं, की असं वाटणं म्हणजे पाप नव्हे आणि आपण एकटे नाही.

मुलग्यांसाठी तर सलून कामाला आलं आहे! लोरेन्झो लुईस यांनी २०१६ साली आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरातून ‘कन्फेस प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यात केस कापणाऱ्या कारागिरांना शिकवतात, की गिऱ्हाईक मन मोकळं करायला लागलं तर कसं ऐकायचं, त्याचं दुःख हसण्यावारी कसं न्यायचं नाही आणि पुढे मदत कुठे मिळते ते कसं सांगायचं. त्यांना कुणी डॉक्टर बनवत नाही. पण जो मुलगा दवाखान्याची पायरी चढणार नाही, तो दर पंधरा दिवसांनी सलूनच्या खुर्चीत अर्धा तास बसतोच की.

चौथा हात खोलीत आपलं माणूस शोधून देण्याचा. डॉ. जॉय हार्डन ब्रॅडफर्ड यांनी २०१४ मध्ये ‘थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स’ सुरू केलं. आपल्या गावाजवळ आपल्याला समजून घेणारी समुपदेशक कोण, हे तिथे बायकांना आणि मुलींना शोधता येतं. अभिनेत्री तराजी हेन्सन यांनी २०१८ मध्ये वडिलांच्या नावाने संस्था काढली. वडील व्हिएतनामच्या युद्धातून मनाच्या जखमा घेऊन परतले होते. करोनाच्या दिवसांत या संस्थेने लोकांना समुपदेशनाच्या काही भेटी फुकट मिळवून दिल्या.

आणि शेवटचा हात अगदी कठीण वेळेचा. अमेरिकेत जुलै २०२२ पासून ९८८ हा तीन आकडी नंबर सुरू आहे. फोन करा किंवा संदेश पाठवा, दिवसरात्र कुणीतरी असतं. कृष्णवर्णीय घरांत भीती अशी, की फोन केला आणि पोलीस आले तर? फार थोड्या फोनांमध्ये तशी वेळ येते, बहुतेक वेळा बोलूनच प्रसंग निभावतो. पण ही भीती खोटी म्हणून झटकायची नाही. तिथले कार्यकर्ते म्हणतात, फोनवर आधीच विचारा, कुणाला पाठवणार असाल तर मला सांगाल का?

कठीण वेळेसाठी तिथे एक साधा कागद वापरतात. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तो तयार केला. तो मुलाने स्वतःच्या शब्दांत, समुपदेशकाबरोबर बसून लिहायचा असतो. माझं मन बिघडायला लागलं की मला कसं कळतं? तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो? कुणाकडे, कुठे गेलं की मन दुसरीकडे वळतं? मदत कुणाकडे मागू? कुठल्या डॉक्टरला, कुठल्या नंबरवर फोन करू? आणि घरातली धोक्याची वस्तू कोण, कुठे कुलपात ठेवणार? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. जीव नकोसा होण्याची ती तीव्र वेळ पुष्कळदा थोडा वेळच टिकते. तेवढ्यात हाताशी धोका नसला, तर जीव तरतो. अमेरिकेत माजी सैनिकांबरोबर हा कागद आणि नंतर विचारपूस करणारे फोन असं दोन्ही करून पाहिलं. सहा महिन्यांत जिवावर उठणारे प्रसंग ४५ टक्क्यांनी कमी झाले आणि पुढच्या उपचारांना जाणारेही वाढले.

इस्पितळातून घरी आल्यानंतरचे दिवसही नाजूक असतात. २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात मनाच्या आजारासाठी इस्पितळात राहून घरी आलेली दहा ते अठरा वर्षांची मुलं पाहिली. ज्यांची सात दिवसांच्या आत पुन्हा तपासणी झाली, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येचा धोका निम्म्याहूनही कमी होता. म्हणून तिथे आता आयांना सांगतात, की घरी निघण्याआधी पुढच्या भेटीची तारीख हातात घ्या आणि मगच इस्पितळाची पायरी उतरा.

आता राहिलं आपलं काम. आई, आजी, मावशी, शेजारीण, बाई म्हणून. तिकडच्या आयांना जे सांगतात, तेच आपल्यालाही लागू आहे.

विचारायला भिऊ नका. कितीतरी बायकांना वाटतं, की विचारलं तर नसता विचार डोक्यात घालू. तसं होत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांची संघटना २०२२ पासून सांगते, की बारा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला हे विचारावं. सरळ विचारा. ‘बाळा, तुला कधी वाटतं का, की आपण नसतो तर बरं झालं असतं? मरून जावं असं मनात येतं का?’ विचारलं की थांबा. पोर गप्प राहिलं तर तुम्हीही गप्प बसा, जवळ बसा. ‘तुला काय कमी आहे?’ म्हणू नका. ‘आमच्या वेळी आम्ही किती सोसलं’ हेही नको. एवढंच म्हणा, ‘बरं झालं तू मला सांगितलंस. मी आहे. आपण दोघी मिळून जाऊ.’

हो म्हणालं, तर त्याला एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू हातावेगळ्या करा आणि त्याच्यासमोर बसून फोन लावा. नंबर हातात देऊन ‘तू कर’ म्हणू नका. भेट ठरली, तर बरोबर जा. बाहेर बसा, पण बरोबर जा. पहिल्या डॉक्टरशी जमलं नाही, तर दुसरा शोधू म्हणा. आणि आठवड्याने पुन्हा विचारा.

पोलिसांची भीती आपल्याकडेही आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने धरलं आहे, की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या ताणाखाली असतो. त्याला शिक्षा करायची नाही, त्याला उपचार आणि आधार देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. तेव्हा त्या भीतीपोटी कुणी दवाखाना टाळू नये.

तुमची लेक, सून, नातवंडं अमेरिकेत असतील, तर त्यांना ९८८ नंबर सांगून ठेवा. तिथे दुभाषा मागता येतो. आणि त्यांच्या वर्गातल्या, शेजारच्या कृष्णवर्णीय पोरांबद्दल काही कानावर आलं, तर ‘ते त्यांचं ते बघतील’ म्हणू नका. आज आपण ऐकलं, की त्या पोरांच्या वाटेत किती पायऱ्या आहेत. एका पायरीवर आपल्या माणसाचा हात असू शकतो.

आपल्याकडचा नंबर पुन्हा ऐका: १४४१६, टेलिमानस. लिहून घेतला? शेजारणीलाही सांगा. जिच्या घरात तरणं पोर गप्प गप्प किंवा चिडचिडं झालंय, तिच्याकडे आज संध्याकाळी सहज म्हणून चहाला जा. पुढच्या वेळी भेटूच. तोवर आमचा सगळ्यांचा नमस्कार.